प्रिन्स, दादा आणि शिफ्टची कळ

डॉसच्या काळात ज्यांनी कॉम्प्युटरला पहिला हात लावला, त्यांना नुसतं 'प्रिन्स' म्हटलं तरी पुरतं. आडनाव सांगावं लागत नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'! वजीर जाफरने राजकन्येला एक तास दिलाय, लग्न कर नाहीतर मर. आणि आपण तळघरात, हातात साधी तलवारसुद्धा नाही. मेलात तर ती लेव्हल पुन्हा पहिल्यापासून खेळा, पण घड्याळ मागे जाणार नाही. मारिओ वगैरे मंडळींना मोजून तीन-चार जीव मिळायचे, संपले की खेळ खल्लास. प्रिन्सला जीव हवे तेवढे, वेळ मात्र साठ मिनिटं. अकरा वर्षांच्या पोराला हा हिशोब भलताच नवीन होता.

आमच्याकडे तो १९९३ साली आला. सांगलीजवळच्या एका तालुक्याच्या गावात बाबांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. चौदा टाइपरायटर आणि 'आता पुढे हेच चालणार' म्हणून कर्ज काढून आणलेला एक सेकंडहँड ३८६. दिवसभर त्यावर लोकांचे अर्ज आणि लग्नपत्रिका. रात्री आठला शेवटची बॅच सुटली की तो आमचा. आमचा म्हणजे माझा आणि माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या दादाचा.

मॉनिटर मोनोक्रोम होता. लाल बाटली प्यायली की शक्ती येते, निळी प्यायली की जाते, हे सगळ्या जगाला दिसायचं. आम्हाला दोन्ही बाटल्या सारख्याच! म्हणून कुठल्या लेव्हलला कुठली बाटली तोंडाला लावायची नाही याची यादी दादाने केली होती. मराठी टाइपरायटरवर, व्यवस्थित समास सोडून. (तो आजही किराणाची यादी समास सोडूनच लिहितो.)

खेळायची आमची पद्धत अशी, की बाणाच्या कळा माझ्याकडे आणि शिफ्ट दादाकडे. ज्यांनी प्रिन्स खेळलाय त्यांना कळेल ही काय भानगड आहे ते. धावत जाऊन कड्यावरून उडी मारायची हे बाणांचं काम, पण पलीकडची कड हातात धरायला शिफ्ट दाबून ठेवावी लागते. जरा उशीर झाला की खाली सुळ्यांवर. म्हणजे उडी माझी आणि पकड दादाची. त्याची डाव्या हाताची करंगळी टायपिंगने तयार झालेली, कधी चुकायची नाही. पडलो तर ते माझीच उडी आखूड म्हणून.

आठव्या लेव्हलला एक गंमत आहे. बाहेर जायचं दार उघडतं, पण मधली जाळी बंद, आणि ती उघडायची फरशी पलीकडच्या बाजूला. करण्यासारखं काहीच नसतं. मी वैतागून एस्केप दाबणार होतो. दादा म्हणाला, "थांब जरा." घड्याळ चालू, आम्ही नुसते बसलेले. आणि पलीकडून एक उंदीर आला, फरशीवर चढला, जाळी वर गेली! राजकन्येने पाठवलेला. त्यानंतर आमच्या घरात कुठलंही काम अडलं की 'उंदीर येईल' म्हणायची पद्धत पडली. आईला त्याचा अर्थ कधीच कळला नाही.

तसंच त्या सावलीचं. चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की आपलीच सावली वेगळी होऊन पळते, आणि पुढे आपल्या वाटची बाटली पिते, तोंडावर दार लावते, असले उद्योग करते. शेवटी ती तलवार काढून समोर उभी राहते. तिला मारलं तर वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग तीही म्यान करते आणि दोघं एकमेकांत मिसळतात. आम्ही तिथे किती वेळा मेलो त्याची मोजदाद नाही. म्यान करायचं दादाला सुचलं. तो तसाही भांडण वाढवणाऱ्यातला नव्हे.

१९९६ साली बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. दादा तेव्हा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होता. इन्स्टिट्यूटच्या किल्ल्या त्याने घेतल्या त्या घेतल्याच. कुणी त्याला कॉलेज सोड म्हणालं नाही, आणि सोडू नको असंही कुणी म्हणालं नाही. मी १९९९ साली पुण्याला इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हा चारही वर्षांची फी त्या चौदा टाइपरायटरांतून आली. असो.

'सँड्स ऑफ टाइम' २००३ च्या शेवटी आला. मी नोकरीला लागलो होतो आणि रूममेटकडे नवीन ग्राफिक्स कार्ड होतं. थ्रीडी, सुंदर महाल, भिंतीवरून धावणारा प्रिन्स. आणि मुख्य म्हणजे तो खंजीर! उडी चुकली की कळ दाबून धरायची, काळ उलटा फिरतो, प्रिन्स दरीतून वर येऊन कड्यावर उभा राहतो. पहिल्या रात्री मी पहाटे तीनपर्यंत खेळलो. दादाला बोलावून हे दाखवलं पाहिजे असं फार वाटलं. मग नको वाटलं.

पुढचे भाग मी सवयीने खेळत गेलो. २००४ चा 'वॉरियर विदिन' म्हणजे रक्त, आरडाओरडा आणि कर्कश्श गिटार, माझं स्पष्ट मत आहे की तो प्रिन्स नव्हेच. २००८ च्या भागात तर मरताच येत नाही, पडलात की एलिका हात धरून वर काढते. लोकांनी त्याला 'फारच सोपा' म्हणून नावं ठेवली. मला तो आवडला, कारण कुणीतरी शिफ्ट धरून बसलंय असं वाटायचं. आणि २०२४ चा 'द लॉस्ट क्राउन' पुन्हा डावीकडून उजवीकडे धावणारा, यात तुम्ही प्रिन्स नसून राजपुत्राला सोडवायला निघालेला सरगॉन असता. मालिकेतला इतका चांगला गेम मी बऱ्याच वर्षांत खेळलो नव्हतो.

पण मूळ गेमची खरी मजा मला कळली २०१२ मध्ये. जॉर्डन मेकनरने तो ॲपल टूवर एकट्याने लिहिला होता आणि सोर्स कोडच्या फ्लॉप्या हरवल्या होत्या. त्या त्याच्या वडिलांकडे एका खोक्यात सापडल्या. त्याने सगळा कोड गिटहबवर टाकला. ६५०२ ची असेंब्ली, ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती वाचत बसायचो. मशीनमध्ये शत्रू ठेवायला मेमरीच उरली नव्हती. म्हणून त्याने प्रिन्सचीच चित्रं एक पिक्सेल सरकवून स्वतःशीच एक्सॉर केली, आणि ती झाली सावली! म्हणजे आम्हाला छळणारी ती बया जागेच्या टंचाईतून जन्मली होती.

प्रिन्स इतका खरा का धावतो, त्याचंही उत्तर आहे. १९८५ साली मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या जागेत धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं आणि व्हिडिओ घेतला. मग त्यातली एकेक फ्रेम गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवली. आपण सगळे इतकी वर्षं डेव्हिडला पळवत होतो. तो व्हिडिओ आज नेटवर बघायला मिळतो.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा दादाला मोबाईलवर दाखवला. इन्स्टिट्यूटच्या जागी आता झेरॉक्स, पॅनकार्ड, ऑनलाइन फॉर्म असं सगळं चालतं. टाइपरायटर दोनच उरलेत, तेही माळ्यावर. दादाने चष्मा कपाळावर सरकवून दोनदा पाहिला. पोरगा पळतो, उडी मारतो, परत मागे जाऊन पुन्हा पळतो.

"कोण हा?"

"गेम करणाऱ्याचा भाऊ."

"त्याला काय मिळालं रे?"

"भाऊच तो. त्याला काय देणार?"

"हं," म्हणाला, आणि काउंटरवर उभ्या असलेल्या मुलीला विचारलं, "जन्मतारीख सांग गं, दाखल्यावरची."