नागफणीचा कातळ आणि चढणाऱ्याचीं बोटें

इंद्रायणीच्या कांठचें तळवडे हें देहूच्या शेजारचें गांव. एके काळीं शेतीवर जगणाऱ्या या गांवाभोंवतीं आज कारखाने व संगणकाच्या कचेऱ्या उभ्या आहेत. तेथील तरुण मंडळी सुटीच्या दिवशीं देहूरोडला लोकल गाडी धरून लोणावळ्यास उतरतात आणि कुरवंडे गांवावरून नागफणीच्या कड्याकडे वळतात. ड्यूक ऑफ वेलिंग्टनच्या नाकाची आठवण होऊन इंग्रजांनीं 'ड्यूक्स नोज' म्हटलें तो हाच कडा. इ. स. १६६१ च्या फेब्रुवारींत कुरवंडे घाटानें उतरलेल्या कारतलबखानास शिवाजी महाराजांनीं खालच्या उंबरखिंडींत कोंडलें. माथ्यावर महादेवाचें लहानसें देऊळ आहे. समोर बोरघाटांतील, १८६३ सालीं सुरू झालेला लोहमार्ग दिसतो.

पायवाटेनें हा माथा कोणासही गांठतां येईल. परंतु दोर लावून कड्यानेंच चढणाऱ्यांची गोष्ट निराळी. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा हा काळा कातळ कोठें गुळगुळीत, कोठें बुडबुड्यांच्या भोंकांनीं खरबरीत, तर फुटला असेल तेथें सुरीसारखा धारदार असतो. कित्येकदां शरीराचा भार बोटांच्या पहिल्या पेरांवर येतो. हात निसटला कीं बोटाच्या मुळाशीं असलेला घट्टा फळाची साल निघावी तसा सुटतो. जखम दिसावयास लहान. परंतु अर्ध्या कड्यावर तिच्यामुळें पकड सुटते, आणि दोर सांभाळणाऱ्या सोबत्याचाही जीव टांगणीस लागतो.

हातास घट्टे पडले म्हणजे मर्दुमकी आली असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः कातडी चिवट हवी, पण सपाट हवी. घट्ट्याचा उंचवटाच दगडांत अडकून फाटतो. न्हाणीघरांतली वजरी आठवड्यांतून एकदोनदां त्यावर हलक्या हातानें फिरवावी व रात्रीं कोकमतेल चोळावें. चढावयाच्या सकाळीं मात्र तेल लावूं नये, हात निसटेल. घाम टिपण्यासाठीं मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी भुकटी मिळते; तिच्याऐवजीं चुना कदापि वापरूं नये, त्यानें कातडी भाजते. संध्याकाळीं भुकटी धुऊन टाकावी, नाहीं तर हात कोरडे पडून भेगा पडतात. नखें बारीक कापावीं. नाजुक पेरांस आधींच चिकटपट्टी गुंडाळावी, मात्र बोट निळें पडेल इतकी आवळूं नये. पावसाळ्यांत भिजून मऊ झालेली कातडी चटकन फाटते, म्हणून ओल्या कातळास हात न घालणेंच बरें.

सर्वांत महत्त्वाची सूचना अंगठीविषयीं. मुंजीची असो वा लग्नाची, ती कपारींत अडकली आणि पाय सुटला तर बोटाचें मांस, क्वचित् बोटच, ओरबाडून निघतें. ती घरीं देवापाशीं ठेवून जावें.

इतकें करूनही कातडी सोलली तर स्वच्छ पाण्यानें धुवावी, पट्टी बांधावी, धनुर्वाताची लस कधीं टोंचली होती याची चौकशी करावी, आणि त्या दिवशीं पुन्हां चढूं नये. पायांचें काम हातांवर लादल्यानेंही बोटें लवकर थकतात. जाणते चढाऊ पावलांवर भार देतात व हातांनीं केवळ तोल राखतात.

कातळ कोठें पळून जात नाहीं. मुलगा किंवा मुलगी दोर खांद्यावर टाकून निघाली, तर वडील माणसांनीं "जाऊं नको" म्हणण्यापेक्षां "सोबत जाणतें कोण आहे? अंगठी काढलीस का?" एवढें विचारावें. त्यांत काळजीही आली आणि विश्वासही.