हेड पॅकिंग : काही टिपणे

संध्याकाळी पुण्यात आळंदी रस्त्याने विश्रांतवाडी चौकाकडे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. रेडिएटरला समोरचा वारा मिळत नाही, सगळी मदार पंख्यावर. पंखा बंद पडला असेल तर तापमानाचा काटा इथेच चढतो.

•

इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामध्ये हेड गॅस्केट बसते. गॅरेजात त्याला हेड पॅकिंग म्हणतात. सिलिंडरमधला दाब अडवायचा आणि ऑइल व कूलंट एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हे त्याचे काम. पूर्वी त्यात अॅस्बेस्टॉस असे. आता बहुतेक पॅकिंग स्टीलच्या पातळ पत्र्यांचे असते.

•

पॅकिंग सहसा आपणहून जात नाही, उष्णता त्याचा जीव घेते. हेड सहसा अॅल्युमिनियमचे, ब्लॉक अनेकदा बिडाचा; अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. फार तापले की हेड वाकते आणि पॅकिंगवरची पकड सुटते.

•

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. उघड्या भांड्यातले पाणी इथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण दाब धरून ठेवते, म्हणून कूलंट शंभराच्या पुढेही उकळत नाही. झाकणाचे रबर कडक झाले की नवे झाकण घ्यावे. गरम इंजिनावर मात्र ते कधीच उघडू नये.

•

बोअरच्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. कंपनीने सांगितलेलेच कूलंट, शुद्ध केलेल्या पाण्यात, सांगितलेल्या प्रमाणात.

•

खुणा : गळती दिसत नसताना कूलंट कमी होणे, गरम गाडीतूनही पांढरा धूर, रेडिएटरमध्ये बुडबुडे, ऑइल दुधाळ होणे. एका खुणेवर निकाल देऊ नये. कॉम्प्रेशन तपासून घ्यावे.

•

नुसते पॅकिंग बदलून भागत नाही. हेड सपाट आहे का, हे पट्टी आणि फीलर गेज लावून पाहायला हवे. वाकले असेल तर फेसिंग, म्हणजे मशीनवर सपाट करून घेणे. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. अनेक गाड्यांत ते नवेच घालावे लागतात. आणि गाडी तापली कशामुळे, ते शोधले नाही तर नवे पॅकिंगही जाणार.

•

काटा चढला की एसी बंद करा, गाडी कडेला घ्या, इंजिन थांबवा. घर दोन किलोमीटरवर असले तरी रेटू नका. टोइंगचा खर्च हेड उतरवण्याच्या खर्चापेक्षा कमीच असतो.