फोन ठेवायची घाई नको

ब्राउझरने पान मागितलं की आधी सर्व्हरशी ओळखपाळख, मग काम. दर वेळी तेच नको म्हणून १९९७ च्या एचटीटीपी १.१ पासून जोडणी उघडीच ठेवतात. पुढच्या मागणीची वाट अपाचे ५ सेकंद बघतो, एन्जिनएक्स ७५. सेटिंग बदललं नाही तर. उघडी जोडणीही जागा अडवतेच. मी सीए, मला हा हिशोब पटतो.

आजीच्या व्हिडिओ कॉलचंही तसंच. मुलांचं मराठी ‘जेवलीस का?’च्या पुढे सरकायलाच वेळ लागतो. म्हणून ब्रॅकनेलमध्ये आमच्याकडे रविवारी पोळ्या होईपर्यंत कॉल चालू. कुणी बोललं नाही तरी चालतं. आजीला झोप आली की बंद.

परवा बऱ्याच शांततेनंतर लेकीने विचारलं, “आजी, तू लहानपणी कुठे खेळायचीस?”