डाळीचा डबा आणि चिरंजीवांचा सिनेमा

मैत्रिणींनो, मूल एखाद्या हौसेनं पछाडलं की आपल्यासारख्या आयांची कशी त्रेधा उडते, ते तुम्हांला वेगळं सांगायला नको. कुणाच्या मुलाला गिटार हवी असते, कुणाच्या मुलीला स्केटिंगचे बूट. आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षे दहा) मात्र एक दिवस जेवता जेवता जाहीर केलं, "आई, मी सिनेमा काढणार. मातीच्या बाहुल्यांचा!"

'स्टॉप मोशन' म्हणतात याला. बाहुली जराशी हलवायची, फोटो काढायचा. पुन्हा जराशी हलवायची, पुन्हा फोटो. हे फोटो एकापाठोपाठ भरभर दाखवले की बाहुली आपली आपण चालतेय असं वाटतं. शिकाऊ मुलाला सेकंदाला १२ फोटो पुरतात. म्हणजे १० सेकंदांच्या सिनेमाला १२० फोटो!

"त्यासाठी तुझा कपाटातला जुना फोन देशील?" त्यानं विचारलं.

मी साफ नाही म्हटलं. फोन हातात गेला की सिनेमा राहील बाजूला आणि गेम सुरू होतील, ही धास्ती. अर्धवेळ का होईना, मी शिक्षिका आहे. वर्गात पेंगणारी मुलं रोज बघते. पण नकार दिल्यावर त्याचा उतरलेला चेहरा बघवेना. मग मी काय केलं असेल? ह्यांना न सांगता, माझ्या पगारातले ३,४०० रुपये मोजून त्याच्या वाढदिवसासाठी एक तयार संच मागवला. संगणकाला जोडायचा छोटा कॅमेरा, तिपाई, गोल दिवा. खोक्यावरचं चित्र पाहूनच मी भुलले होते.

वाढदिवसाला खोकं उघडलं. तिपाईचे पाय काडीसारखे. टेबलाला धक्का लागला की डुलायची. कॅमेऱ्यात बाहुलीचा चेहरा धुरकट. शिवाय घरातला एकुलता एक संगणक ह्यांच्या ऑफिसच्या कामाचा, तो रात्री नऊनंतर मोकळा होणार! परत करायची मुदत तर केव्हाच उलटून गेलेली. माझा सगळा राग निघाला तो पोरावर. "एवढे पैसे घातले तुझ्यासाठी!"

तो हळूच म्हणाला, "मी कुठं मागितलं होतं, आई? मी फोन मागितला होता."

काय सांगू तुम्हांला! रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मुलानं बिनपैशाची, नेमकी कामाची वस्तू मागितली होती. मी माझ्या भीतीपायी पदरमोड करून भलतंच आणलं, आणि वर उपकार केल्याचा आव आणला. सकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "अगं, आधी विचारायचंस तरी त्याला."

आम्ही नाशिकची माणसं. दादासाहेब फाळक्यांची गोष्ट वर्गात मी दरवर्षी सांगते. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो कसा उगवतो, वाढतो, याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. 'अंकुराची वाढ' हा तो चिमुकला चित्रपट. पुढं १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' काढला, तोही एकेक काडी हलवून. सामान काय, तर वाटाणा आणि आगकाड्या! सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले, ते पतीला काय हवंय हे नीट जाणून. मी मात्र वर्गात गोष्ट सांगितली आणि घरी विसरले.

तर आता माझ्या चुकीचा तुम्हांला उपयोग होऊ दे. या हौसेसाठी खरेदीचा क्रम असा ठेवा: आधी स्थिरपणा, मग उजेड आणि कॅमेरा सगळ्यात शेवटी. काच तडकलेला जुना फोनही चालतो, कॅमेरा स्वच्छ असला म्हणजे झालं. आम्ही त्यातलं सिमकार्ड काढलं, फोटो जोडायचं एक फुकट ॲप घातलं आणि इंटरनेट बंद केलं. फोन दिवाणखान्यातल्या टेबलावरच राहील, असा करार झाला. ॲपमध्ये आधीचा फोटो पुसटसा दिसत राहण्याची सोय आहे ना, ते बघून घ्या. बाहुली किती सरकवायची ते त्यावरून कळतं.

तिपाईऐवजी तूरडाळीनं भरलेला स्टीलचा डबा घ्या, बरं का. रिकामा नको, वजन हवं. त्याला फोन दोन रबरांनी आवळला की हलायची बिशाद नाही. फोटो काढताना बोट लागून फोन हलतो. त्यासाठी वायरच्या इयरफोनचं आवाज वाढवायचं बटण वापरून पाहा, पुष्कळ फोनमध्ये त्यानं फोटो निघतो. खिडकीच्या उजेडावर जाऊ नका. ढग आला की चित्र लुकलुकतं. पडदे ओढून अभ्यासाचा दिवा लावा, आणि मुलाला गडद रंगाचा सदरा घाला, म्हणजे कपड्याचा उजेड बाहुलीवर पडत नाही. माती घेताना दुकानदाराला 'न वाळणारी' असं स्पष्ट सांगा. वाळणारीला दुसऱ्या दिवशी भेगा पडतात. उन्हाळ्यात ती फार मऊ झाली तर दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवावी.

आमचा खर्च सांगू? एलईडी बल्ब ११० रुपये, माती १२०, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी ४०. एकूण २७०! चांगली भक्कम तिपाई घ्यायचीच झाली तर मुलानं दोन-तीन सिनेमे पुरे केल्यावर घ्या. तोवर हौस टिकते की नाही, तेही कळतं.

दोन रविवार चिरंजीव टेबलाशी बसले. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारं पोर! पंखा बंद, घामाच्या धारा, पण तक्रार नाही. १८० फोटो काढले, १५ सेकंदांचा सिनेमा झाला. सासूबाईंचा चष्मा टेबलावरून तुरूतुरू चालत, मातीच्या आजीला शोधत येतो आणि तिच्या नाकावर चढून बसतो, एवढीच गोष्ट.

"पोराच्या हातात फोन देता!" म्हणून आठवडाभर कुरकुरणाऱ्या सासूबाईंनी तो सिनेमा चार वेळा पाहिला. मग हळूच नातवाला जवळ घेऊन म्हणाल्या, "माझ्या जपमाळेचा पण काढ की रे एक."

तो ३,४०० चा संच माळ्यावर आहे. तो दिसला की मी मनाशी म्हणते, बाई गं, पुढच्या वेळी पर्स उघडण्याआधी कान उघड.