‘साफ करणे’ म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘साफ करणे’ हे मोठे गमतीचे क्रियापद आहे. आपण भांडी साफ करतो तेव्हा भांडी उरतात. बाजारातून आणलेली मासळी साफ करतो तेव्हा थोडे टाकून बाकीचे ठेवतो. आणि चोराने घर साफ केले की काहीच उरत नाही! शब्द एकच, पण घरातल्या पोरालाही कुठे कुठला अर्थ घ्यायचा ते कळते, कारण त्याला घर ठाऊक असते.

ज्याला घर ठाऊक नाही त्याने काय करायचे?

हा प्रश्न मला पडला तो भाच्यामुळे. तो पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. यंदा चवथीला आला तेव्हा सांगत होता की हल्ली चाचणीच्या कामाला एआय एजंट लावतात. या एजंटला स्वतःचे हातपाय नसतात. त्याला साधने दिली जातात: पान उघडणारे, बटण दाबणारे, डेटाबेसमधली नोंद वाचणारे. प्रत्येक साधनाला एक नाव, चार ओळींचे वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा तक्ता. ही जोडणी सर्वांना एका पद्धतीने करता यावी म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत जाहीर केली.

“मामा, गंमत अशी की साधनाच्या आतला कोड एजंटला सहसा दिसतच नाही. तो फक्त वर्णन वाचतो आणि ठरवतो.”

त्यांच्याकडे एक साधन होते, ‘क्लीन डेटा’. वर्णन एवढेच: ‘डेटा क्लीन करते.’ एजंटला काम दिले होते नावांपुढच्या जादा मोकळ्या जागा काढायचे. त्याने हे साधन उचलले आणि अख्खा तक्ता रिकामा केला. चाचणीचाच डेटा होता म्हणून निभावले, अर्धा दिवस तेवढा गेला. इंग्रजीतही ‘क्लीन’ म्हणजे नीटनेटके करणे आणि पुसून टाकणे, दोन्ही. लिहिणाऱ्याच्या मनात दुसरा अर्थ होता, वाचणाऱ्याने पहिला घेतला.

नंतर त्यांनी वर्णन बदलले. त्याचा मराठीत आशय असा: चाचणीच्या डेटाबेसमधल्या सगळ्या नोंदी कायमच्या पुसते. त्या परत आणता येत नाहीत. नवी चाचणी सुरू करण्यापूर्वीच वापरावे. एखादी नोंद दुरुस्त करायला वापरू नये, त्यासाठी वेगळे साधन आहे.

मला यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटले. कशाला वापरू नये, हे आपण कधी लिहीतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या ‘प्लेराइट’ या चाचणीच्या साधनसंचातही हे दिसते. त्यात पानाचे छायाचित्र घेणारे एक साधन आहे आणि पानावरच्या बटणांची, रकान्यांची शब्दांत यादी देणारे दुसरे. छायाचित्रावरून पुढची कृती करता येत नाही, त्यासाठी यादीचे साधन वापरा, असे पहिल्याच्या वर्णनातच बजावलेले आहे.

तारखांचेही तसेच. ०३/०४/२०२५ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. नुसते ‘तारीख’ न म्हणता आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असे लिहून एक नमुना दिला की वाद मिटतो. काम फसले तर ‘त्रुटी’ एवढेच न सांगता कुठला रकाना चुकला आणि काय भरावे हेही सांगावे.

हे सगळे ऐकताना मला कचेऱ्यांतले फलकच दिसत होते. ‘संबंधित कागदपत्रांसह अर्ज करावा.’ संबंधित म्हणजे कोणती? आपल्याकडचा माणूस एक-चौदाचा उतारा आणतो. सीमेपलीकडे सावंतवाडीत वाढलेला माणूस सातबारा शोधत बसतो, कारण त्याच्या डोक्यात जमिनीचा कागद म्हणजे तोच. असा एक फलक वाचून तीन हेलपाटे घातलेली म्हातारी मी एका कचेरीत पाहिली आहे. बसचे भाडे तिचे, दुपार तिची. फलक लिहिणाऱ्याला त्यातले काहीच कळत नाही. एजंट निदान नोंद तरी ठेवतो, कुठले साधन का उचलले याची. म्हणून भाच्याची मंडळी वर्णन बदलतात, तेच काम पुन्हा देतात आणि आता बरोबर साधन निवडतो का ते पाहतात. आपल्या फलकांची अशी चाचणी कोण घेतो?

अर्थात नुसत्या शब्दांवर विसंबूनही चालत नाही. ‘आत येऊ नये’ अशी पाटी लावली म्हणून दाराला कुलूप नको असे होत नाही. पुसणाऱ्या साधनाला खऱ्या डेटाबेसची किल्लीच देऊ नये, हे भाच्याचेही म्हणणे.

अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांनी २०२५ साली असा सल्ला दिला की साधनाचे वर्णन नव्याने रुजू झालेल्या सहकाऱ्याला समजावतो तसे लिहावे. वाचून बरे वाटले. आर्ट्स शिकलेल्यांना ‘याचा उपयोग काय?’ असे विचारायची आपल्याकडे जुनी रीत आहे. आता यंत्रापुढेही शेवटी प्रश्न आला तो भाषेचाच: वाचणाऱ्याला काय ठाऊक नाही, हे लिहिणाऱ्याला ठाऊक आहे का? ज्याला हे जमते त्याचे लिहिणे यंत्रालाही कळेल आणि खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसालाही.