शिशीतले पोते

गतवर्षी पोळ्याच्या तोंडावर, शाळा सुटण्याच्या वेळी, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचे वडील भेटीस आले. तीन एकर कापूस आणि बांधावर संत्र्याची थोडी झाडे, एवढा त्यांचा संसार. पिशवीतून अर्ध्या लिटरची एक शिशी काढून त्यांनी टेबलावर ठेवली व विचारले, "गुरुजी, येवढ्याशा शिशीत युरियाचं आख्खं पोतं मावते काय जी?" दुकानदाराने त्यांना तसे सांगितले होते. आता पोते घ्यावे की नुसत्या नॅनो युरियावर भागवावे, हा त्यांचा प्रश्न. आणि उत्तर चुकले तर हंगाम हातचा जाणार.

आमचा विषय मराठी. रसायनशास्त्राशी गाठ कधीच सुटलेली. तरी त्यांना रिकाम्या हाती परत धाडणे बरे वाटेना. दोन दिवसांची मुदत मागून घेतली आणि वाचावयास बसलो.

नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. एवढ्या सूक्ष्म कणांस बळ येते ते मुख्यतः पृष्ठभागामुळे. एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एकेक नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले तर साऱ्यांचे मिळून ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर भरते! वस्तू तेवढीच, परंतु पाण्याला, हवेला, रक्ताला भिडणारे तिचे अंग शेताएवढे. मग तिचा स्वभावही पालटतो. पिवळ्याधमक सोन्याचे असे कण पाण्यात तांबडे दिसतात.

कंदिलाच्या काचेवरील काजळी आम्ही लहानपणी राखेने घासली आहे. कार्बनचे एक रूप ते, दुसरे कोळसा, तिसरे हिरा, एवढेच आमचे ज्ञान. १९८५ साली क्रोटो, कर्ल व स्मॉली ह्यांना कार्बनचे ६० अणू फुटबॉलच्या शिवणीप्रमाणे, १२ पंचकोन व २० षट्कोन जुळवून बसलेले आढळले. हेच फुलरीन. १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यासाठीच मिळाले. हा पोकळ चेंडू औषधाची पालखी होईल, अशी आशा तेव्हापासून बाळगली जात आहे. ते काम प्रत्यक्षात अधिक केले चरबीच्या नॅनोकणांनी. कोरोनावरील आरएनए लसींतील नाजूक रेणू अशा कणांच्या आधारे पेशीत पोहोचतो. पुण्यात तयार झालेल्या अशा पहिल्या भारतीय लसीस जून २०२२ मध्ये आपत्कालीन मान्यता मिळाली.

पण जे बोलावल्यावर शिरते, ते न बोलावताही शिरू शकते. २००४ साली अमेरिकेत फुलरीनमिश्रित पाण्यात ठेवलेल्या माशांच्या मेंदूस इजा झाल्याचे दिसले आणि मोठी खळबळ उडाली. पुढे २००७ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी झेब्रा माशांवर प्रयोग केले, तेव्हा विष फुलरीनचे नसून ते विरघळविण्यास वापरलेल्या द्रावकाच्या अवशेषांचे ठरले. निर्दोष सुटका मात्र सर्वांची झाली नाही. चांदीचे नॅनोकण लावलेले मोजे धुतले की चांदी पाण्यात उतरते, हे २००८ साली मोजले गेले. आणि जंतू मारणारी चांदी उपकारक जंतू निवडून वगळीत नाही.

दोन दिवसांनी ते गृहस्थ आले. आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. युरियाच्या ४५ किलोंच्या पोत्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. इफ्कोने २०२१ साली बाजारात आणलेल्या नॅनो युरियात नत्र ४ टक्के. अर्ध्या लिटरात २० ग्रॅम. नंतरच्या प्रकाराचे २० टक्के धरले तरी १०० ग्रॅम. कण पानांच्या रंध्रांतून थेट आत जातात, जमिनीत टाकलेल्या युरियासारखे वाहून वा उडून जात नाहीत, असा उत्पादकांचा युक्तिवाद आहे, आणि तो आम्हांस अगदीच टाकाऊ वाटत नाही. परंतु पृष्ठभाग दीड एकर झाला म्हणून वजन वाढत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत जमिनीतील नत्र निम्मे करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गहू व भात दोहोंचे उत्पादन घटले.

"मंग शिशी फेकून देऊ?" त्यांनी विचारले.

फेकू नका, आम्ही म्हणालो. चार ओळींवर फवारा, शेजारच्या चार तशाच ठेवा आणि वेचणीला दोहोंचा कापूस वेगळा तोला. पोते मात्र ह्या साली चुकवू नका. फवारताना नाकातोंडाला फडके बांधा. वारा विहिरीकडे असेल तर थांबा. हे सारे त्यांनी निमूटपणे ऐकून घेतले.

उठताना म्हणाले, शिशी मजबूत आहे, रिकामी झाली की घरी तेलाला होईल. तेवढे मात्र करू नका, आणि ती नाल्यातही विसळू नका, हे आम्ही त्यांना फाटकापर्यंत जाऊन पुन्हा एकदा बजावले.