रिकामी जागा

तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्यामुळे मला एक खोड लागली आहे. पुतळा दिसला की चेहऱ्याकडे बघायच्या आधी मी चौथऱ्यावरची अक्षरं वाचायला वाकते. कोण, कुणाशी लढला, कधी, जिंकला की हरला, एवढं मिळालं की उत्तर पूर्ण. माझी भाची फ्रान्समध्ये, स्ट्रासबर्गच्या विद्यापीठात शिकते. तिला ही खोड लहानपणापासून ठाऊक. तिच्याकडे गेले तेव्हा पहिल्याच सकाळी तिने मला तिथलं जगप्रसिद्ध कॅथेड्रल सोडून प्लास द ला रेप्युब्लिक नावाच्या चौकात नेलं, मधल्या स्मारकासमोर उभं केलं आणि म्हणाली, "मावशी, दोन मार्कांचा प्रश्न. हे दोघं कुठल्या सैन्यातले?"

समोर दगडातली एक आई होती आणि तिच्या अंगाला टेकलेले, प्राण जाण्याच्या बेतात असलेले दोन तरणेताठे मुलगे. दोघांचे हात एकमेकांना लागलेले. मी सवयीने खुणा शोधू लागले. टोप कसला, बूट कुठले, बटणं, पट्टा, बिल्ला. काहीच नव्हतं. दोघंही उघडे. गणवेश उतरवला की पोर कुठल्या देशाचं हे कुणालाच सांगता येत नाही, आणि मूर्तिकाराला नेमकं तेच साधायचं होतं.

"एकाचं तोंड फ्रान्सकडे आहे आणि दुसऱ्याचं जर्मनीकडे, असं इथले लोक सांगतात," भाची म्हणाली. "आता खालचं वाच."

खाली फ्रेंचमध्ये तीन छोटे शब्द होते. आ नो मॉर. म्हणजे 'आमच्या मृतांना'.

"पुढे?"

"पुढे काही नाही. तीच तर गंमत आहे."

गंमत कळायला आधी उरलेला फ्रान्स पाहावा लागतो. तिथे गावोगाव पहिल्या महायुद्धाचं स्मारक असतं. एखादा खांब, एखादा शिपाई किंवा कोंबडा, नावांची यादी आणि ठरलेली ओळ: 'फ्रान्ससाठी मृत्यू'. हे नुसते भावनेचे शब्द नाहीत. १९१५ सालच्या कायद्याने ती अधिकृत नोंद झाली, मृताच्या दाखल्यावर चढू लागली. अल्सासमधल्या, म्हणजे स्ट्रासबर्गच्या प्रांतातल्या, कितीतरी स्मारकांवर मात्र ती ओळ नाही. 'आमच्या मृतांना' असं म्हणून दगड थांबतो. कशासाठी, कुणासाठी ही जागा रिकामी.

ती का रिकामी, हे एका आयुष्याच्या हिशेबाने सांगते. समजा, १८६९ साली स्ट्रासबर्गमध्ये एक मुलगी जन्मली. जन्मली ती फ्रेंच. दोन वर्षांची असताना फ्रान्स युद्ध हरला, १८७१ च्या फ्रँकफर्टच्या तहाने अल्सास आणि लोरेनचा काही भाग जर्मनीला गेला, मुलगी जर्मन झाली. एकोणपन्नासाव्या वर्षी, १९१८ मध्ये, ती परत फ्रेंच. एकाहत्तराव्या वर्षी हिटलरचं सैन्य आलं, पुन्हा जर्मन. नोव्हेंबर १९४४ मध्ये जनरल लक्लेर्कच्या तुकड्या शहरात शिरल्या तेव्हा पंचाहत्तरीत ती पुन्हा फ्रेंच झाली. बाईने घर बदललं नाही, गल्ली बदलली नाही, घरात बोलायची तिची अल्सासी बोलीही तीच राहिली. देश मात्र चार वेळा बदलला.

या चौकाचंही तसंच आहे. जर्मन काळात याचं नाव होतं कैसरप्लात्झ. इथे कैसर पहिल्या विल्हेल्मचा घोड्यावरचा पुतळा होता, १९११ साली बसवलेला. नोव्हेंबर १९१८ मध्ये लोकांनी तो खाली ओढला. कैसरसाठी बांधलेला महाल अजून चौकाच्या कडेला उभा आहे, पण त्याला आता ऱ्हाईन महाल म्हणतात. नावं बदलण्याचा हा खेळ पुढेही चालू राहिला. १९४० नंतर नाझींनी रस्त्यांची फ्रेंच नावं पुसायला घेतली. मुलूझ शहरातल्या एका जुन्या रस्त्याचं नाव होतं 'रानटी माणसाचा रस्ता'. त्याचं त्यांनी 'अडॉल्फ हिटलर रस्ता' केलं. लोक गालातल्या गालात हसले आणि गप्प राहिले. आजही हा किस्सा तिथे चवीने सांगतात.

पहिल्या महायुद्धात अल्सास-लोरेनचे सुमारे ३,८०,००० तरुण जर्मन सैन्यात होते. कायद्याने ते जर्मन नागरिक होते, भरतीचा हुकूम आला, गेले. त्यांच्यावर भरवसा नसल्याने पुष्कळांना फ्रेंचांसमोर उभं न करता रशियाच्या आघाडीवर धाडलं. जवळपास पन्नास हजार परतले नाहीत. काही थोडे पळून फ्रान्सच्या बाजूने लढले. युद्ध संपलं आणि अल्सास फ्रान्समध्ये आलं. आता मुलाचं नाव कोरायचं तर खाली काय लिहायचं? 'फ्रान्ससाठी' लिहिणं खोटं, 'जर्मनीसाठी' लिहिणं अशक्य. नव्या फ्रेंच सरकारने तर लोकांची ए, बी, सी, डी अशा चार कार्डांत विभागणी केली होती. कुणाचे आईबाप, आजोबा कुठले यावरून कार्ड ठरे. 'ए' म्हणजे अस्सल घरचा, 'डी' म्हणजे जर्मन. नवराबायकोची कार्डं वेगळी, असंही घडलं. असे दिवस पाहिल्यावर मेलेल्यांना तरी कार्डं वाटायची नाहीत, असं या चौथऱ्याने ठरवलं. लेओं-अर्नेस्त द्रिव्हिए या शिल्पकाराने घडवलेल्या या स्मारकाचं अनावरण १८ ऑक्टोबर १९३६ ला झालं, आणि ते केलं खुद्द फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आल्बेर लब्रँ यांनी. ज्या पोरांमधली बहुतेक जर्मन गणवेशात मेली, त्यांना फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षाने मान लववली. इतिहासाच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात मी हे वाक्य वाचलं नव्हतं.

चौकातल्या बाकावर बसल्यावर मला आपल्याकडचे वीरगळ आठवले. मारुतीच्या देवळामागे, पाराच्या कडेला, तेल-शेंदराने माखलेले ते दगड. खाली लढाई, मध्ये वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर पिंडीची पूजा, अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. बहुतेकांवर नाव नसतं. पण कुणासाठी मेला याची शंका नसते. गाई वळवून आणायला गेला, गाव राखायला गेला. नाव विसरलं तरी कारण दगडात राहिलं. स्ट्रासबर्गला उलट घडलं. नावं माहीत होती, घरं माहीत होती, कारणच उच्चारता येत नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. त्याच महायुद्धात साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण कामी आले. इंग्रजांनी तिथे स्मारक उभारलं, गावाला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणून ओळखतात. ते कुणासाठी मेले? इंग्लंडच्या राजासाठी? पगारासाठी, पलटणीच्या इभ्रतीसाठी, घरच्या दुष्काळी रानासाठी? गावकरी या वादात पडत नाहीत. ते 'आमच्या गावचे जवान' म्हणतात. तिथेही शब्द तोच आहे: आमच्या.

इथपर्यंत मी त्या मूर्तिकाराच्या पूर्ण बाजूने होते. शब्द गाळूनच इतकं खरं बोलता आलं, असं मला वाटत होतं. मी तसं म्हणालेही. भाची थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "थांब मावशी. अजून दुसरं युद्ध बाकी आहे."

१९४० मध्ये जर्मनीने अल्सास नुसतं जिंकलं नाही, आपल्यात मिळवून टाकलं. फ्रेंच बोलण्यावर बंदी आली. ऑगस्ट १९४२ मध्ये तिथला नाझी प्रमुख रॉबर्ट वाग्नर याने सक्तीच्या भरतीचा हुकूम काढला. अल्सास आणि शेजारच्या मोझेलमधले मिळून सुमारे १,३०,००० तरुण उचलले गेले. भरती चुकवून पळालात तर आईबाप, भावंडं हद्दपार, अशी धमकी होती आणि ती खरी करून दाखवली जात होती. या मुलांना तिकडे 'मालग्रे-नू' म्हणतात, म्हणजे 'आमच्या मनाविरुद्ध'. तीस हजारांहून अधिक परत आले नाहीत. कित्येक रशियात तांबोव्हच्या छावणीत खितपत पडले. शेवटचा जो परतला तो १९५५ मध्ये.

आता त्यांच्यातल्या तेरा जणांची गोष्ट. १० जून १९४४ ला नाझींच्या वाफेन-एसएस दलातल्या दास राइख डिव्हिजनची एक तुकडी मध्य फ्रान्समधल्या ओरादूर-स्युर-ग्लान या गावात शिरली. पुरुषांना धान्याच्या कोठारांत नेऊन गोळ्या घातल्या, बायकामुलांना चर्चमध्ये कोंडून आग लावली. ६४० हून अधिक माणसं मेली. १९५३ मध्ये बोर्दो शहरात खटला उभा राहिला तेव्हा आरोपींच्या पिंजऱ्यात एकवीस जण होते आणि त्यांतले चौदा अल्सासचे. एक स्वखुशीने गेलेला, तेरा सक्तीने नेलेले.

फेब्रुवारीत शिक्षा सुनावल्या गेल्या आणि अल्सास पेटून उठलं. आमच्या पोरांना जबरदस्तीने नेलं, वाऱ्यावर सोडलं ते फ्रान्सने, आणि आता गुन्हेगारही तीच? गावोगावच्या स्मारकांवर काळं कापड चढलं. स्ट्रासबर्गची ही आईसुद्धा काळ्या कापडाखाली गेली. त्याच महिन्यात फ्रान्सच्या संसदेने घाईघाईने कायदा करून सक्तीच्या सैनिकांना माफी दिली. तेरा जण सुटून घरी आले.

तिकडे ओरादूरमध्ये काय झालं? गावाने सरकारने दिलेलं सन्मानपदक परत केलं. माफीच्या बाजूने मत देणाऱ्या ३१९ खासदारांची नावं फलकावर लिहून गावाच्या तोंडाशी लावली, ती पुढे कित्येक वर्षं तिथे राहिली. आणि सरकारने मृतांच्या अस्थींसाठी जे भुयारी स्मारक बांधलं होतं, त्यात एकाही घराने अस्थी ठेवू दिल्या नाहीत. त्यांनी आपल्या माणसांना आपल्याच दफनभूमीत ठेवलं. सरकारी स्मारक रिकामं राहिलं.

म्हणजे एकाच देशात, एकाच महिन्यात, इकडे एक स्मारक झाकलं जात होतं आणि तिकडे एक स्मारक नाकारलं जात होतं. दोन्हीकडे गोष्ट आयांचीच होती. अल्सासची आई म्हणत होती, माझ्या मुलाला बंदूक जबरदस्तीने दिली. ते खरं होतं. ओरादूरची आई हे ऐकायला उरलीच नव्हती, ती चर्चमध्ये जळाली होती. तेही खरं होतं. पहिल्या युद्धात जी रिकामी जागा इतकी प्रामाणिक वाटली, ती या दुसऱ्या गोष्टीसमोर अपुरी पडली. 'आमच्या मृतांना' या शब्दांत आमचे मेलेले मावतात. आमच्यांनी मारलेले मावत नाहीत.

हे प्रकरण जुनं झालं असंही नाही. शिर्मेक इथे २००५ मध्ये अल्सास-मोझेलचं स्मारक-संग्रहालय उघडलं. नात्सवायलर-स्त्रुथोफची नाझी छळछावणी तिथून जवळच आहे. या संग्रहालयापाशी पन्नास हजारांहून जास्त नावांची एक भिंत उभारायचा बेत झाला, सगळी नावं एकत्र आणि वर्णानुक्रमे. वर्णानुक्रम हा किती निरुपद्रवी वाटणारा प्रकार! हजेरीपटावर मी तो आयुष्यभर पाळला. पण या भिंतीवर त्याचा अर्थ असा होत होता, की छावणीत मारलेल्या ज्यू माणसाच्या किंवा गोळ्या घातलेल्या भूमिगत कार्यकर्त्याच्या नावाशेजारी, केवळ आद्याक्षर जुळलं म्हणून, एसएसच्या गणवेशात मेलेल्याचं नाव यावं. २०१७ मध्ये यावरून मोठा वाद झाला आणि बेत बारगळला. मला वाटतं, वाद झाला हेच बरं झालं. कारण 'सगळे बिचारे युद्धाचे बळी' असं म्हणणं हा विसरण्याचाच एक सभ्य मार्ग असतो. दुःख सारखं असू शकतं. त्या दुःखाकडे नेणारे रस्ते सारखे नसतात, आणि ते सांगायला दगड पुरत नाही. त्याला खटले लागतात, कागद लागतात, जेवणाच्या टेबलावर आजोबांना अवघड प्रश्न विचारणारी नातवंडं लागतात.

दगडापलीकडे जाऊन असं सांगता येतं, याची एक चांगली खूण तिथल्या व्होज पर्वतात आहे. हार्टमान्सविलरकोफ नावाच्या डोंगरावर पहिल्या युद्धात दोन्ही बाजूंची हजारो माणसं मेली, इतकी की त्याला 'माणसं खाणारा डोंगर' म्हणू लागले. वरच्या स्मारकाखालच्या तळघरात १२,००० अनाम सैनिकांची हाडं आहेत. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच्याजवळ एक संग्रहालय उघडलं. फ्रान्स आणि जर्मनी दोघांनी मिळून उभारलेलं, उद्घाटनाला दोन्ही राष्ट्राध्यक्ष हजर. हाडं एकत्र ठेवायला फार काही लागत नाही. एकत्र बसून मजकूर लिहायला मात्र शंभर वर्षं लागली.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही ट्रामने ऱ्हाईन ओलांडून केल या जर्मन गावात गेलो. ही ट्राम २०१७ पासून धावते. डब्यातले बरेच लोक पलीकडच्या दुकानांत सामान आणायला निघाले होते. पूल कधी गेला ते भाचीने सांगेपर्यंत मला कळलंही नाही. ज्या रेषेपायी त्या दगडातल्या दोन पोरांसारखी लाखो पोरं मेली, ती रेषा पिशव्या घेतलेल्या बायकांनी गप्पा मारत ओलांडली.

परतताना भाचीने पुन्हा विचारलं, "मग मावशी, दोन मार्कांच्या प्रश्नाचं उत्तर?"

तीस वर्षं मी मुलांना 'रिकाम्या जागा भरा' असे प्रश्न घातले आणि एका शब्दाच्या उत्तराला निमूटपणे पूर्ण गुण दिले. त्या चौथऱ्यावरची जागा मात्र कोणी एका शब्दात भरून आणली, मग तो शब्द कुठल्याही देशाचा असो, तर मी गुण देणार नाही. आणि जागा कोरी सोडून उठणाऱ्यालाही देणार नाही. त्याने पुरवणी घ्यावी आणि सविस्तर लिहावं.